यिर्मयाचा कळवळा

इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम नगर बाबेलच्या सैन्याच्या हाती पडले. नगराच्या उत्तरेस थोड्या अंतरावर रामा नावाचे गाव होते. विजेत्यांनी पकडलेले लोक तेथे एकत्र आणले गेले. येथूनच त्यांना शेकडो कोस दूर, बाबेलला न्यावयाचे होते. त्या साखळदंडांनी बांधलेल्या गर्दीत एक वृद्धत्वाकडे झुकलेला पुरुष उभा होता. बाबेलच्या राजाचा सेनाधिकारी नबूजरदान याने त्याला ओळखले, त्याच्या हातांतील बेड्या काढविल्या आणि त्याच्यापुढे दोन मार्ग ठेवले. बाबेलला यावयाचे असेल तर तेथे त्याची नीट काळजी घेतली जाईल. यावयाचे नसेल तर उद्ध्वस्त झालेल्या देशात जे दरिद्री लोक मागे ठेवले आहेत, त्यांच्यात त्याने खुशाल राहावे. त्या पुरुषाने दुसरा मार्ग पत्करला. त्याचे नाव यिर्मया.

या निवडीतील मर्म ध्यानी येण्यासाठी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या लोकांत राहण्याचे यिर्मयाने ठरविले, त्यांनी त्याला सुमारे चाळीस वर्षे छळले होते. त्याला मारले होते, खोड्यात अडकविले होते, चिखलाच्या टाक्यात सोडले होते. शत्रूला फितूर होऊन पळतो आहे, या आरोपावरून त्याला नगराच्या वेशीवर पकडून कैदेत टाकले होते. आणि आता शत्रूच स्वतः होऊन त्याला मानाने नेऊ पाहत असता, हा तथाकथित फितूर आपल्या लोकांना सोडावयास तयार नव्हता. आपले लोक चुकले आहेत हे पूर्णपणे जाणूनही त्यांच्यासाठी ज्याचा जीव तुटतो, अशा माणसाची ही कथा आहे. ज्यू धर्मग्रंथांतील करुणेचे स्वरूप तिच्यातून जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच दुसऱ्या कथेतून होत असेल.

ज्यू धर्मग्रंथांचे तोरा, नबीईम आणि केतुवीम असे तीन भाग आहेत. म्हणजे धर्मशास्त्र, संदेष्टे आणि इतर लेख. मराठी वाचकांना हाच ग्रंथसमूह बायबलचा जुना करार म्हणून परिचित आहे. या ग्रंथांच्या हिब्रू भाषेत करुणेला ‘रहमीम’ असा शब्द आहे, आणि तो ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी संबद्ध आहे. अरबीतील ‘रहम’ हा त्याचाच भाऊबंद. फारसीच्या वाटेने तो मराठीच्याही कानावर आलेला आहे. आईला पोटच्या लेकराविषयी जे वाटते, ते या भाषेच्या दृष्टीने करुणेचे मूळ रूप होय. दुःखाचे स्थानही ही भाषा डोळ्यांपेक्षा पोटात अधिक मानते. आपल्या लोकांवर येणारे संकट दिसताच यिर्मया आपली आतडी पिळवटत असल्याचे सांगतो. मराठी माणसाला हा शब्दप्रयोग समजावून सांगण्याची गरज नाही. ‘आतडे तुटते’, ‘पोटात कालवते’ असे मराठी आईही शतकानुशतके म्हणत आलेली आहे.

यिर्मयाचा जन्म यरुशलेमजवळच्या अनाथोथ गावी एका याजक घराण्यात झाला. इ. स. पू. ६२७ च्या सुमारास, योशीया राजाच्या कारकीर्दीत, त्याला संदेष्टेपणाची हाक आली. आपण अजून लहान आहोत, आपल्याला बोलता येत नाही, असे म्हणून त्याने ती टाळण्याचा प्रयत्न केला. पण हाक टळली नाही. काळ मोठा कठीण होता. उत्तरेकडचे इस्राएल राज्य अश्शूरच्या स्वाऱ्यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते. उरले होते ते यहूदाचे चिमुकले राज्य, आणि तेही मिसर व बाबेल या दोन महासत्तांच्या जात्यात सापडलेले. इ. स. पू. ६०९ मध्ये योशीया मगिद्दो येथे मिसरच्या राजाच्या हातून मारला गेला. पुढे चारच वर्षांनी बाबेलच्या नबुखद्नेस्सराने कर्कमीश येथे मिसरी सैन्याचा पराभव केला आणि सत्तेचा काटा कोणीकडे झुकला हे स्पष्ट झाले. यहूदाचे राजे मात्र आज बाबेलला खंडणी देत, तर उद्या मिसरच्या भरवशावर बंड करीत.

यिर्मयाचे निदान वेगळे होते. राज्याचा खरा रोग परराष्ट्रनीतीत नसून घरच्या अन्यायात आहे, असे तो सांगे. अनाथांना आणि विधवांना नाडावयाचे, परक्यावर जुलूम करावयाचा, आणि मग देवाचे मंदिर आपल्या नगरात आहे म्हणून निश्चिंत राहावयाचे, हा ढोंगीपणा टिकणार नाही, असे त्याने मंदिराच्याच दारात उभे राहून बजावले. त्याबद्दल त्याला देहांत शिक्षा व्हावी अशी मागणी झाली. पुढे त्याने आपली वचने बारुख नावाच्या लेखकाकडून चर्मपटावर लिहवून घेतली. तो पट यहोयाकीम राजापुढे वाचला गेला तेव्हा हिवाळा होता आणि राजासमोर शेगडी पेटलेली होती. तीन-चार स्तंभ वाचून होताच राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. असा संपूर्ण पट जळाला. यिर्मयाने बारुखाला दुसरा पट घेण्यास सांगितले आणि सर्व मजकूर पुन्हा लिहविला. त्यात भरही घातली.

पट जाळू नये म्हणून राजाची विनवणी करणाऱ्यांत शाफानाचा पुत्र गमऱ्या होता. १९८२ साली यरुशलेमच्या प्राचीन वस्तीच्या उत्खननात मातीच्या मुद्रांचा एक संच सापडला. त्यांतील एका मुद्रेवर नेमके हेच नाव, पित्याच्या नावासह, उमटलेले आहे. ज्या आगीत नगर जळाले, त्याच आगीत ही कच्ची माती भाजून पक्की झाली. तिने बांधलेले कागदपत्र राख झाले; मुद्रा तेवढ्या उरल्या.

अशा कठोर भविष्यवाणीमुळे यिर्मया हा कोरड्या मनाचा, शाप देण्यात रमणारा माणूस असावा, असा समज होणे शक्य आहे. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. आपले मस्तक पाण्याचे भांडार व्हावे आणि डोळे झरा व्हावेत, म्हणजे मारल्या गेलेल्या आपल्या लोकांसाठी रात्रंदिवस रडता येईल, अशी त्याची आकांक्षा आहे. गिलाद प्रदेश औषधी मलमासाठी प्रसिद्ध होता. तेथे मलम असून, वैद्य असूनही आपल्या लोकांची जखम का भरत नाही, असे तो व्याकुळ होऊन विचारतो. या विलापांत एक विलक्षण गोष्ट आहे. बोलणारा संदेष्टा आहे की खुद्द परमेश्वर आहे, हे अनेक ठिकाणी सांगता येत नाही. दोन आवाज एकमेकांत मिसळून गेले आहेत. शिक्षा देणारा आणि शिक्षेने विव्हळणारा या ग्रंथात कित्येकदा एकच असतो.

त्याच काळात हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा होता. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून नगरात फिरत असे. बाबेलचे जू काही काळ सोसावे लागेल, हे त्याला लोकांच्या डोळ्यांपुढे ठेवावयाचे होते. हनन्याने ते जू सर्वांदेखत मोडले आणि दोन वर्षांच्या आत सर्व बंदिवान परत येतील असे जाहीर केले. लोकांना ते गोड वाटले असल्यास नवल नाही. यिर्मयाने प्रथम काय म्हणावे? ‘आमेन’. असे खरोखरच घडो, असे तो म्हणाला. आपले भाकीत खोटे ठरावे आणि लोक वाचावेत, हीच त्याची इच्छा होती. पण इच्छा आणि सत्य यांची गल्लत त्याने होऊ दिली नाही. जखम खोल असता ती वरवर झाकून सारे कुशल असल्याचे सांगणाऱ्यांना तो लोकांचे हितचिंतक मानीत नसे. हनन्याचे प्रेम लोकांना सुखावणारे होते. यिर्मयाचे त्यांना वाचवू पाहणारे होते.

आपल्या लोकांसाठी देवापुढे उभे राहून रदबदली करणे, ही या धर्मपरंपरेतील फार जुनी रीत. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा केली, तेव्हा या लोकांचा नाश करून मोशेपासूनच नवे मोठे राष्ट्र निर्माण करण्याची गोष्ट परमेश्वराने काढली. मोशेने तो मान नाकारला. लोकांना क्षमा करावयाची नसेल, तर देवाने आपल्या पुस्तकातून आपलेही नाव पुसून टाकावे, असे त्याने निक्षून सांगितले. यिर्मयाच्या वाट्याला याहून बिकट प्रसंग आला. या लोकांसाठी प्रार्थना करू नये, असे त्याला एकदा नव्हे, तीनदा बजावण्यात आले. तरीही त्याचे विनवणे थांबले नाही. लग्न करू नये, घर मांडू नये, अशीही त्याला आज्ञा होती; कारण त्या भूमीत जन्मणाऱ्या लेकरांच्या नशिबी मरणच होते. ज्याला स्वतःचे मूल नव्हते, त्याचे पोट साऱ्या राष्ट्रासाठी तुटत राहिले.

शेवटचा वेढा सुमारे दीड वर्ष चालला. त्या काळाची एक साक्ष लाखीश या किल्ल्याच्या अवशेषांत १९३५ साली मिळाली. खापरांवर शाईने लिहिलेली ती पत्रे आहेत. त्यांपैकी एकात लिहिणारा कळवितो, की लाखीशच्या अग्निसंकेतांवर त्यांची नजर आहे, कारण अजेका आता दिसेनासे झाले आहे. यिर्मयाच्या ग्रंथातही तटबंदीची नगरे म्हणून शेवटपर्यंत उरलेली नावे हीच दोन आहेत: लाखीश आणि अजेका. राज्यातील दिवे एकेक करून विझत होते.

अशा वेळी, पहाऱ्याच्या चौकात कैदेत असताना, यिर्मयाने एक चमत्कारिक व्यवहार केला. त्याचा चुलतभाऊ अनाथोथ येथील आपले शेत विकावयास आला. ते शेत त्या वेळी शत्रूच्या सैन्याच्या ताब्यात असणार, हे उघड होते. शिवाय त्याच अनाथोथच्या लोकांनी पूर्वी यिर्मयाच्या जिवावर उठण्याचा कट केला होता. तरी त्याने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदारांसमक्ष खरेदीखत केले आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवण्यास सांगितले. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा त्याचा अर्थ होता. सारे आशावादी होते तेव्हा ज्याने नाश सांगितला, त्यानेच सारे हताश झाल्यावर शेत विकत घेतले.

नगर पडले. सिद्कीया राजाच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र मारले गेले आणि मग त्याचे डोळे काढण्यात आले. शलमोनाने बांधलेले मंदिर जळाले. या विनाशातून जन्मलेले काव्य म्हणजे ‘विलापगीत’ हे छोटे पुस्तक. परंपरा ते यिर्मयाचे मानते. मात्र पुस्तकात कर्त्याचे नाव नाही आणि अनेक आधुनिक अभ्यासक ते एकाहून अधिक कवींचे समजतात. त्यात पाच गीते आहेत. हिब्रू वर्णमालेत बावीस अक्षरे. पहिल्या चार गीतांतील कडव्यांचा आरंभ याच अक्षरांनी, क्रमाने होतो. तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षर तीनदा येते. शोकाला अंत नाही, म्हणून कवीने त्याला निदान वर्णमालेचा बांध घातला असावा. पाचव्या गीतात बावीस कडवी उरतात, पण अक्षरांचा क्रम सुटून जातो.

या गीतांत नगरी विधवेसारखी एकटी बसलेली आहे. तान्ह्या मुलांची जीभ तहानेने टाळूला चिकटली आहे. लहान मुले भाकरी मागत आहेत आणि ती मोडून देणारा कोणी नाही. कवी आपल्या लोकांचा अपराध लपवीत नाही. तो स्पष्टपणे कबूल करतो. पण अपराध कबूल केला म्हणून भुकेल्या मुलाचे रडणे न्याय्य ठरते, असे तो मानीत नाही. तो देवालाच विचारतो, की हे कोणाला केलेस ते तरी पाहा. अपराधाची कबुली आणि वेदनेची तक्रार ही दोन्ही एकाच मुखातून निघतात, आणि दोहोंनाही धर्मग्रंथात स्थान मिळते, हे या परंपरेचे मोठेपण होय.

हिब्रू पंचांगातील आव महिन्याच्या नवमीला हे पुस्तक प्रार्थनामंदिरांत वाचले जाते. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने केलेल्या दुसऱ्या मंदिराच्या नाशाचाही शोक त्याच दिवशी पाळतात. दिवे मंद करतात; लोक जमिनीवर किंवा ठेंगण्या आसनावर बसतात. पुस्तकाचा शेवट निराशेचा असल्यामुळे, त्याच्या आधीची, परत वळवून घेण्याची प्रार्थना पुन्हा एकदा म्हणून वाचन पुरे करतात. कोकणातील बेने इस्राएल समाजात हा उपवास पूर्वी ‘बिरड्याचा रोजा’ या नावाने ओळखला जात असे, कारण त्या दिवसाशी वालाच्या बिरड्याचा नेम जोडलेला होता. ज्यू रीतीत मसुरीसारखे गोल कडधान्य शोकाचे अन्न मानले जाते. यरुशलेमचा शोक कोकणच्या स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याने वालाचे रूप घेतले असावे. शतकानुशतके मराठी बोलणाऱ्या या समाजातील बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर हळूहळू इस्राएलला गेली. काही येथेच राहिली.

परंतु शोक करून थांबावे, असे हे ग्रंथ सांगत नाहीत. यरुशलेम पडल्यानंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी, इ. स. पू. ४४५ च्या सुमारास, नहेम्या नावाचा एक ज्यू शूशन येथे इराणच्या सम्राटाचा प्यालेबरदार होता. पद मानाचे, जीवन सुखाचे. मायदेशाहून आलेल्या भावाने त्याला सांगितले, की यरुशलेमचा कोट पडलेला आहे, वेशी जळालेल्या आहेत आणि तेथील लोक हालात आहेत. नहेम्या खाली बसला आणि रडला. मग प्रार्थनेत त्याने लोकांच्या पापांबरोबर स्वतःचे आणि आपल्या पितृकुळाचे पापही गणले. त्यानंतर त्याने राजाकडून अनुमती मिळविली, यरुशलेमला जाऊन रात्रीच्या वेळी भग्न कोटाची पाहणी केली आणि बावन्न दिवसांत कोट उभा केला.

हे काम चालू असतानाच गरीब लोकांनी आक्रोश केला, की धान्यासाठी आणि सरकारी करासाठी त्यांची शेते गहाण पडली आहेत आणि मुले-मुली दास्यात जात आहेत. आणि सावकार परके नाहीत, आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या संतापला. त्याने सरदारांना सर्वांसमक्ष जाब विचारला, आपण आणि आपल्या माणसांनीही कर्जे दिली आहेत हे मान्य केले, आणि शेते, मळे, घरे व व्याज परत करावयास लावले. बाहेरचा कोट बांधून आत भावाने भावाला विकावे, याला तो राष्ट्राचे रक्षण समजत नव्हता. यिर्मयाने जो रोग सांगितला होता, त्याच रोगावर हे औषध होते.

आता एक शंका सहज उद्भवते. आपल्याच लोकांविषयीचा हा कळवळा मनाला संकुचित करीत नाही काय? हा धोका या ग्रंथांनीही ओळखला होता. योना संदेष्ट्याची कथा त्याचेच उत्तर आहे. शत्रूचे नगर निनवे पश्चात्ताप करून वाचले, म्हणून योना रुष्ट झाला. पण ज्या वेलीने त्याला सावली दिली ती सुकली, तेव्हा तिच्यासाठी तो हळहळला. तेव्हा परमेश्वराने त्याला विचारले, की एका वेलीसाठी तुझा जीव तळमळतो, तर उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि कितीतरी गुरे ज्या नगरात आहेत, त्याची दया मी करू नये काय? कथा या प्रश्नावरच संपते. आणि तोच कळवळ्याचा यिर्मया, बाबेलला आधी नेलेल्या बंदिवानांना पत्राने कळवितो, की तेथे घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात तुम्ही बंदिवान आहात त्याचेही कल्याण इच्छा. ज्या नगराने आपले घर जाळले, त्याचे कल्याण चिंतणे सोपे नसते. तरी ते त्याने सांगितले.

यिर्मयाचा शेवट सुखाचा झाला नाही. रामाहून तो मिस्पा येथे गदल्या या नव्या अधिकाऱ्यापाशी जाऊन राहिला. थोड्याच काळात गदल्याचा खून झाला. घाबरलेल्या लोकांनी मिसरला पळून जावयाचे ठरविले. जाऊ नका, असे यिर्मयाने सांगितले. लोकांनी त्याचा सल्ला विचारला होता, पण मानला नाही. आणि जाताना त्यालाही बरोबर नेले. त्याचे अखेरचे शब्द ऐकू येतात ते मिसरमधून, त्याच न ऐकणाऱ्या लोकांना उद्देशून. त्याच्या मृत्यूची हकीकत त्याच्या ग्रंथात नाही.

ज्या रामा गावी त्याच्या बेड्या निघाल्या, त्याच गावाच्या नावाने त्याने एक करुण चित्र रेखाटलेले आहे. शेकडो वर्षांपूर्वी मरण पावलेली आदिमाता राहेल रामा येथे आपल्या मुलांसाठी रडते आहे. ती मुले आता नाहीत, म्हणून तिला सांत्वन नको आहे. त्या रडण्याला लगेच उत्तरही मिळते: अश्रू आवर, तुझे कष्ट वाया जाणार नाहीत, लेकरे आपल्या सीमेत परत येतील. मेलेल्या आईलाही स्वस्थ पडू न देणारा हा कळवळा आहे. जिवंत माणसाला तो रामाच्या त्या बंदिवानांमधून, मोकळे हात असूनही, निघून जाऊ देत नाही.